देशांतर की वस्ती? : बायबलमधील निर्वासनाचा धर्मशास्त्रीय अर्थ आणि पेण-रोहे परिसरातील बेने इस्राएल परंपरा

प्रस्तावना

बायबलमधील निर्वासन ही संकल्पना आपल्याकडील अभ्यासात बहुधा दोनच अंगांनी मांडली जाते. एक अंग इतिहासाचे : इ. स. पूर्व ७२२ मध्ये अश्शूरच्या सत्तेने शोमरोन जिंकले, इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सत्तेने यरुशलेम उद्ध्वस्त केले आणि दोन्ही वेळा लोकांना परदेशी नेले. दुसरे अंग नीतीचे : करार मोडला म्हणून शिक्षा झाली आणि पश्चात्ताप झाला म्हणून सुटका झाली. या दोन्ही मांडण्यांत निर्वासन ही एक मधली, तात्पुरती अवस्था ठरते. तिचा आरंभ पापात आणि शेवट परतीत होतो, असे गृहीत धरले जाते.

हे गृहीतक पुरेसे आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो तपासण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात, विशेषतः पेण, रोहे-अष्टमी, अलिबाग, रेवदंडा या पट्ट्यात, शतकानुशतके मराठी बोलत राहिलेल्या बेने इस्राएल समाजाने निर्वासनाचा एक अर्थ प्रत्यक्ष जगून दाखविला आहे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, पुगावकर, वाकरूळकर, घोसाळकर ही या समाजातील आडनावे पाहिली, तरी या परिसराचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो. ज्यांना जग 'निर्वासित इस्राएल' म्हणून ओळखते, त्यांनी आपली ओळख कोकणातील गावांच्या नावांनी सांगावी, ही केवळ सामाजिक योगायोगाची बाब नव्हे. त्यामागे एक धर्मशास्त्रीय भूमिका आहे आणि त्या भूमिकेला बायबलमध्येच आधार आहे, असे येथे मांडावयाचे आहे.

शब्दांचा प्रश्न

हिब्रू भाषेत निर्वासनासाठी 'गालुथ' आणि 'गोला' हे शब्द येतात. ज्या धातूपासून ते बनले, त्याचे दोन अर्थ आहेत : 'उघडे करणे' आणि 'देश सोडून जाणे'. देश सुटला की माणसाचे आवरण जाते, तो उघडा पडतो, अशी या दोन अर्थांची सांगड घालता येते. मराठी बायबलमध्ये या कल्पनेसाठी 'देशांतर', 'बंदिवास', 'पाडाव करून नेणे' असे शब्द आढळतात. यांपैकी 'पाडाव' हा शब्द युद्धाचा आहे, 'बंदिवास' कारागृहाचा आहे, तर 'देशांतर' हा शब्द जवळजवळ तटस्थ आहे. एकाच मूळ कल्पनेचे हे तीन मराठी पर्याय तीन भिन्न अर्थ सुचवितात.

मराठी वाचकाच्या मनात मात्र या तिहींच्या आधी 'वनवास' हा शब्द उभा राहतो. रामायणातील वनवासाला चौदा वर्षांची मुदत आहे, तो पित्याच्या वचनासाठी स्वीकारलेला आहे आणि ज्याने तो भोगला तो निर्दोष आहे. बायबलमधील संदेष्टे निर्वासनाचे कारण लोकांच्या दोषात शोधतात. यिर्मयाने सत्तर वर्षांची मुदत सांगितली खरी (यिर्मया २९:१०). परंतु ती ऐकणाऱ्या पिढीतील बहुतेकांना तिचा शेवट दिसणार नव्हता. म्हणून 'वनवास' या शब्दाच्या आधाराने बायबलमधील निर्वासन समजून घेऊ पाहणाऱ्या मराठी अभ्यासकाची दिशाभूल होण्याचा संभव आहे. वनवासात परतीचा दिवस ठरलेला असतो. गालुथमध्ये परतीच्या दिवसाविना कसे जगावे, हाच मूळ प्रश्न असतो.

बायबलमधील तीन उत्तरे

या प्रश्नाला बायबल एकच उत्तर देत नाही. स्थूलमानाने तीन उत्तरे वेगळी काढता येतात.

पहिले उत्तर अनुवाद आणि राजे या ग्रंथांचे. करार मोडल्याचे फळ म्हणजे देशोधडी (अनुवाद २८, २ राजे १७ व २५). या मांडणीत ईश्वराची सत्ता अबाधित राहते. पराभव बाबेलच्या देवांमुळे झालेला नसून स्वतःच्याच देवाच्या न्यायामुळे झाला आहे, असे सांगून ती पराभूतांची श्रद्धा वाचविते. मात्र याची किंमत अशी की, दुःख भोगणारा प्रत्येक जण आपोआप दोषी ठरतो.

दुसरे उत्तर यहेज्केलचे. मंदिरातील ईश्वरी तेज मंदिर सोडून जाते, असे दर्शन त्याने वर्णिले आहे. परंतु तोच संदेष्टा पुढे सांगतो की, विखुरलेल्या लोकांसाठी ईश्वर स्वतःच काही काळ त्यांचे पवित्रस्थान झाला आहे (यहेज्केल ११:१६). येथे धर्मविचारात मोठे परिवर्तन घडते. देव जागेला बांधलेला नाही. लोक निर्वासित होतात, तेव्हा देवही त्यांच्याबरोबर देशांतर करतो.

तिसरे उत्तर यिर्मयाच्या पत्राचे. बाबेलमध्ये नेलेल्या लोकांना त्याने कळविले की, घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हांस नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा (यिर्मया २९:५-७). हे पत्र लिहिले गेले तेव्हा परत जाणे जवळ आले आहे, असे सांगणारे लोकप्रिय संदेष्टे होते. यिर्मयाने त्यांचा प्रतिवाद केला. परक्या भूमीत मूळ धरणे म्हणजे श्रद्धेचा त्याग करणे नव्हे, असे त्याने ठामपणे सांगितले.

धर्मोपदेशात पहिल्या उत्तराला नेहमी अग्रस्थान मिळाले. कोकणातील परंपरा मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तराच्या जवळची आहे, असे दिसून येते.

मंदिराविना धर्म : शनिवार तेली

बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्यास लागले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि ग्रंथ समुद्रात गेले. ही कथा इतिहास म्हणून जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही समुद्रातून किनाऱ्यास लागलेले चौदा देह आहेत, हे साम्य अभ्यासकांनी पूर्वीच दाखविले आहे. हनुक्काचा सण या समाजास ठाऊक नव्हता, म्हणून आगमन इ. स. पूर्व १७५ च्या सुमाराचे असावे, हे अनुमानही अभावावर आधारलेले असल्याने दुर्बळ ठरते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशधारा आढळल्या. तात्पर्य, आगमनाचा काळ अनिश्चित आहे. परंतु धर्मशास्त्रीय दृष्टीने कथेतील एक तपशील अर्थपूर्ण आहे : ग्रंथ बुडाले, तरी धर्म उरला.

काय उरले? शब्बाथाची विश्रांती, आठव्या दिवशीची सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि 'शेमा' ही एकेश्वराची घोषणा. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. ही यादी बायबलच्या अभ्यासकास ओळखीची वाटेल. मंदिर व राजा गेल्यानंतर बाबेलमधील निर्वासितांनी ज्या खुणांना धर्माचे केंद्र बनविले, त्यांत शब्बाथ, सुंता व आहारनियम प्रमुख होते. या खुणा सोबत नेता येण्याजोग्या होत्या. त्यांना वास्तू लागत नव्हती आणि पुरोहितांचा वर्गही लागत नव्हता. घाणा थांबला की मंदिर उभे राहत होते, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

इतिहासग्रंथाच्या शेवटी निर्वासनाचा एक विलक्षण अर्थ सांगितला आहे : देश ओसाड पडला, त्या काळात भूमीने आपले चुकलेले शब्बाथ उपभोगले (२ इतिहास ३६:२१). यहूदाच्या भूमीला जो विसावा लोकांनी दिला नव्हता, तो कोकणच्या भूमीवर एका तेलाच्या घाण्याला दर आठवड्यास मिळत होता. शेजाऱ्यांनी दिलेले 'शनिवार तेली' हे नाव जातिव्यवस्थेतील खालचे स्थान सूचित करणारे होते, हे विसरता येत नाही. तथापि त्याच नावाने या समाजाच्या श्रद्धेची साक्ष जपून ठेवली.

शोक आणि आशा : बिरडे व मलिदा

निर्वासनाचा शोक हिब्रू पंचांगात अव महिन्याच्या नवमीला केंद्रित झाला आहे. मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ त्या दिवशी उपवास करतात व विलापगीत वाचतात. बेने इस्राएल समाजात या उपवासाला 'बिरड्याचा रोजा' असे नाव आहे, कारण त्याच्या अनुषंगाने मोड आणलेल्या वालांचे बिरडे खाण्याची रीत होती. वालाचे पीक, पावसाळ्यात घरोघरी सोलले जाणारे वाल आणि त्यांचे बिरडे यांच्याशी पेण-रोहेकरांचे नाते सांगावयास नको. यरुशलेमेचा शोक येथे कोकणच्या कडधान्यात साठविला गेला. 'रोजा' हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांच्या परिचयाचा, 'बिरडे' सर्वांच्या स्वयंपाकघरातले आणि आशय मात्र बाबेलच्या नद्यांपर्यंत मागे जाणारा. परक्याशी मिसळल्याने स्मृती पुसली जाते, हा समज या एका नावाने खोटा ठरविला आहे.

आशेच्या बाजूला 'मलिदा' हा विधी आहे. गूळ किंवा साखर व ओले खोबरे घातलेले पोहे, फळे यांचे ताट मांडून संदेष्टा एलीया, म्हणजे 'एलियाहू हानाबी', याच्या नावाने ईशस्तवन करतात. नवस फेडताना व मंगलकार्यात हा विधी होतो. बायबलमध्ये एलीया स्वतः राजाच्या भयाने देशाबाहेर आश्रय घेणारा आणि परदेशी विधवेच्या घरी जेवणारा संदेष्टा आहे. मलाखीच्या ग्रंथात तो ईश्वराच्या महान दिवसाआधी परत येणारा दूत आहे. म्हणजे निर्वासनाचा अनुभव आणि त्याच्या समाप्तीची आशा या दोहोंचे प्रतीक एकाच व्यक्तीत आहे. त्या प्रतीकापुढे पोह्यांचे ताट ठेवले गेले, ही घटना दुय्यम लोकाचार म्हणून बाजूला सारणे अभ्यासाच्या दृष्टीने अनुचित ठरेल.

परक्या भूमीत गाणे

एकशे सदतिसाव्या स्तोत्रातील निर्वासित विचारतात की, परक्या भूमीत परमेश्वराचे गीत गावे तरी कसे. त्यांनी वीणा झाडांना टांगून ठेवल्या आहेत. बेने इस्राएल समाजाने एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाचे उत्तर दिले. १८८० च्या सुमारास मुंबईत या समाजात कीर्तनाची चळवळ सुरू झाली. तिच्या प्रवर्तकांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे एक होते. त्यांचे आडनाव कुंडलिकेच्या काठी रोह्यासमोर वसलेल्या अष्टमी गावाचे आहे. हरिकीर्तनाचा घाट, मराठी वृत्ते व चाली घेऊन बायबलमधील चरित्रे सांगितली जाऊ लागली. देवाच्या शब्दावरून स्वतःचा देश सोडणाऱ्या अब्राहामाचे चरित्र त्यांत होते.

या उत्तराची पूर्वतयारी आधीच झाली होती. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची 'हगादा' मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्याबद्दल त्यांनी ते बांधले, अशी परंपरा आहे. 'पाडाव' झालेल्या माणसाने प्रार्थनागृह बांधावे, ही यहेज्केलच्या विचाराशी जुळणारी घटना होय. पुढे रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९) व पेण (१८६३) येथे सिनेगॉग झाली. पेणच्या सिनेगॉगचे नाव 'बेथ हा-एलोहीम', अर्थात 'देवाचे घर'. यरुशलेमेतील मंदिराला लावले जाणारे हे नाव पेणमधील वास्तूला देताना बांधणाऱ्यांच्या मनात संकोच नव्हता.

परतीची आशा त्यांनी सोडली होती, असा याचा अर्थ नाही. १८९७ मध्ये बाझल येथे भरलेल्या पहिल्या झायोनिस्ट परिषदेचे निमंत्रण या समाजाकडे आले असता, परतणे ईश्वराच्या हातून घडावे, या भूमिकेने ते नाकारले गेले, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. प्रतीक्षा होती, घाई नव्हती. यिर्मयाच्या पत्राचे याहून नेमके आचरण दाखविणे कठीण आहे.

परतीचा पेच

येथपर्यंतच्या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल. इस्राएल राष्ट्राच्या १९४८ मधील स्थापनेनंतरच्या दशकांत समाजाचा मोठा भाग तिकडे गेला. मग कोकणातील वास्तव्य ही शेवटी मधली अवस्थाच ठरली नाही काय?

पुढील घटना या आक्षेपाला उत्तर देतात. भेदभावाची वागणूक मिळते, अशी तक्रार करून तेथे गेलेल्यांपैकी एका गटाने धरणे धरले आणि १९५२ मध्ये शंभरेक जण भारतात परतले. त्यांतील अनेक जण नंतर पुन्हा इस्राएलला गेले. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने असा आदेश काढला की, बेने इस्राएल व्यक्तीचा इतर ज्यूंशी विवाह नोंदविण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. समाजाने दीर्घ आंदोलन केले. १९६४ मध्ये तेथील संसदेने हा समाज सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि आदेशातून समाजाचा नामोल्लेख वगळण्यात आला. पूर्वजांच्या भूमीवर पाय ठेवल्याने निर्वासन संपले नाही, असा या घटनांचा निष्कर्ष निघतो.

हा निष्कर्ष बायबललाही अपरिचित नाही. परतलेल्यांच्या यादीत ज्यांना आपली वंशावळ सिद्ध करता आली नाही, त्यांची एज्रा वेगळी नोंद करतो (एज्रा २:५९-६२). नहेम्याच्या ग्रंथातील प्रार्थनेत परतलेले लोक म्हणतात की, पूर्वजांना दिलेल्या याच देशात आम्ही आज दास आहोत (नहेम्या ९:३६). परतीनंतरही गालुथ संपलेला नाही, याची ही कबुली होय. याच काळातील दुसरा स्वर यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात आहे. तेथे परदेशीयालाही देवाच्या घरात स्थान आहे; अट वंशावळीची नसून शब्बाथ पाळण्याची व करार धरून राहण्याची आहे. रूथ या मवाबी स्त्रीची कथाही याच बाजूची आहे.

१९६२ च्या वादात हे दोन बायबली स्वर समोरासमोर आले, असे म्हणता येईल. चौकशीचा आदेश एज्राच्या यादीचा वारस होता. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांचा दावा यशयाच्या अध्यायावर उभा होता. वंशावळीचे कागद त्यांच्यापाशी नव्हते, शब्बाथ होता.

तथापि या समाजाचे आदर्शीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. 'गोरे इस्राएल' व 'काळे इस्राएल' असे भेद या समाजात होते. मिश्र संबंधांतून जन्मलेल्यांशी रोटी-बेटी व्यवहार टाळला जाई. म्हणजे रक्तशुद्धीचा जो निकष पुढे त्यांना परका व अन्यायकारक वाटला, तो जातिव्यवस्थेच्या सहवासात त्यांनी स्वतःही वापरला होता. नगराच्या कल्याणाची प्रार्थना करताना नगराचे दोषही अंगी लागतात. यिर्मयाच्या पत्रात या धोक्याचा इशारा नाही, ही त्या पत्राची मर्यादा मानावी लागेल.

निष्कर्ष

निर्वासन ही पाप आणि परत यांमधील केवळ मधली अवस्था आहे, हे गृहीतक अपुरे आहे. बायबलमध्येच त्याला छेद देणारी दोन उत्तरे आहेत : देव निर्वासितांबरोबर जातो, आणि परक्या नगरात मूळ धरणे हेही आज्ञापालनच आहे. पेण-रोहे परिसरातील बेने इस्राएल परंपरेने या दोन उत्तरांना भाषा, अन्न, गीत व आडनाव दिले. तसेच परतीनंतरच्या घटनांनी हे दाखविले की, निर्वासनाचा शेवट भूमीवर पोहोचण्याने होत नाही. 'तू आमचाच' असे समोरच्याने म्हणावे लागते.

यातून आपल्यावरही एक जबाबदारी येते. यिर्मयाने निर्वासितांना नगराचे कल्याण चिंतण्यास सांगितले. नगराने त्यांचे काय चिंतावे, हे त्याने लिहिले नाही. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा जिल्ह्यातील बहुतेक इस्राएल कुटुंबे येथून गेलेली होती. मागे उरली ती मोजकी घरे, सिनेगॉग आणि दफनभूमी. कोकणातील या परंपरेचा अभ्यास आपल्या महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास व तत्त्वज्ञान या विभागांत क्वचितच होतो. तिला 'परक्यांचा इतिहास' म्हणून बाजूला ठेवणे म्हणजे पेणकर आणि रोहेकर या नावांना पुन्हा एकदा वंशावळ विचारण्यासारखेच आहे.